कुठल्या वहीत काढू?

"बाई, ह्ये कुठल्या वहीत काढू? गणिताच्या का चित्रकलेच्या?"

पाचवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं त्याला आता दहा-बारा वर्षं होऊन गेली. मी फळा पुसत होते. मागे वळून न बघताच म्हणाले, "चित्रकलेच्या. गणिताची वही खराब करू नकोस." ती जागेवर जाऊन बसली. एक वही दप्तरात कोंबून दुसरी काढल्याचा खसखस आवाज मला ऐकू आला. बस्स, एवढंच. कुणी रडलं नाही, कुणाला मार बसला नाही. पस्तीस-छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पोरांना याहून कितीतरी वाईट उत्तरं दिली असतील आणि विसरूनही गेले असेन. हे मात्र कुसळासारखं राहिलंय. परकराच्या काठात कुसळ अडकलं की चालताना टोचतं आणि काढायला बसलं की सापडत नाही, तसं.

शाळा माणदेशातली, जिल्हा परिषदेची. पहिली ते सातवी, पट चौऱ्याऐंशी. शनिवारी सकाळची शाळा असते, आणि शनिवारचे शेवटचे दोन तास वेळापत्रकात कला आणि कार्यानुभव. खरं सांगायचं तर त्या दोन तासांत माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब आणि तालुक्याला पाठवायचे तक्ते हीच माझी कला आणि हाच कार्यानुभव. पण तो जानेवारी होता, सव्वीस तारखेच्या रांगोळी स्पर्धेचे दिवस. मुली व्हरांड्यात ओळीने उकिडव्या बसल्या होत्या. फरशी गार, ऊन नुकतं पायरीपर्यंत आलेलं, शिरगोळ्याच्या पिठाचा तो कोरडा, नाकात किंचित झोंबणारा वास. प्रत्येकीकडे घरून आणलेला ठिपक्यांचा कागद. सिमेंटच्या पोत्याच्या आतला खाकी कागद घेऊन त्याला उदबत्तीने सारख्या अंतरावर भोकं पाडलेली, कडा जळून तपकिरी झालेल्या. कागद फरशीवर ठेवायचा, वरून पीठ पसरून हात फिरवायचा आणि अलगद उचलायचा. खाली ठिपके उमटलेले. मला अजूनही तो कागद उचलण्याचा क्षण बघायला आवडतो.

ती मुलगी 'सात ते चार'ची रांगोळी काढत होती. ज्यांच्या दारात रांगोळी असते त्यांना हे सांगायला नको, पण तरी सांगते. मधल्या ओळीत सात ठिपके, मग दोन्ही बाजूंना सहा, पाच आणि चार, तिरके बसवलेले. गलका फार झाला होता म्हणून, निव्वळ पोरं गप्प बसावीत म्हणून मी विचारलं, "हिचे ठिपके किती झाले सांगा बरं?" एक मुलगा बोटाने मोजायला लागला, विसाच्या पुढे चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. ती चिमटीतून रेघ ओढत होती. मान वर न करता म्हणाली, "सदतीस."

मी मनात बेरीज केली. चार, पाच, सहा, सात, सहा, पाच, चार. सदतीसच.

"कशावरून गं?"

"मधी एक. त्येच्या भवती सहा. मग बारा. मग अठरा."

मी ओळी बघत होते, ती वेढे बघत होती. "आणि नऊ ते पाच असतील तर?" असं मी विचारलं तेव्हा तिने रेघ अर्धी सोडून क्षणभर फरशीकडे पाहिलं, जणू तिथे आणखी एक वेढा पडतोय. "चोवीस अजून येतील. एकसष्ट." आणि पुन्हा रेघ पुरी करायला लागली. मला गंमत वाटली. कौतुकही वाटलं, नाही असं नाही. घंटेला दहा मिनिटं असताना सगळ्या हात धुऊन वर्गात आल्या आणि तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. आदल्याच महिन्यात एक साहेब शाळा तपासून गेले होते. एका पोराच्या गणिताच्या वहीत त्यांना मागच्या पानावर मोर सापडला आणि भेटीच्या वहीत शेरा पडला, 'वह्या नीटनेटक्या ठेवून घ्याव्यात.' माझ्या डोक्यात तो मोर होता. या मुलीने आत्ताच व्हरांड्यात सहाचा पाढा उलगडून दाखवला होता, आणि तिच्या हातून तो गणिताच्या वहीत उतरू नये याची व्यवस्था मी केली.

आमच्यासारख्या शाळेत हे आणखीच विचित्र. शहरातल्या मोठ्या शाळेत चित्रकलेचे सर वेगळे, त्यांचा वर्ग वेगळा, टर्पेंटाइनचा वास वेगळा. आमच्याकडे चित्रकलेचे सर नव्हतेच. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी कला, कार्यशिक्षण आणि शारीरिक शिक्षणाचे अंशकालीन निदेशक सांगितलेत खरे, पण पट शंभराच्या वर गेला तरच. सतरा पोरं कमी पडली, सर आले नाहीत. म्हणजे भाषेची बाई मीच, गणिताची मीच, गाण्याची मीच आणि कागदाच्या होडीचीही मीच. खोली एक, फळा एक, खडूचा डबा एक. विषय एकमेकांत मिसळायला याहून सोयीची जागा कुठे असेल? मध्ये भिंत होती ती वेळापत्रकाच्या तक्त्यावर स्केचपेनने मारलेल्या रेघेची. ती रेघही मीच मारलेली, जूनमध्ये, पट्टी धरून.

आणि मी काही अशी रेघा मारणाऱ्या घरातली नव्हे. आजोबांकडे दिवेलागणीला परवचा असायचा. शुभंकरोती झालं की पाढे. पाढे आम्ही म्हणत होतो की गात होतो, हे तेव्हाही सांगता आलं नसतं. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक आठ. दोनाला 'दोन' न म्हणता 'दुणे' का, चाराला 'चोक' का, हे कुणी विचारलं नाही. जिभेला ते आवडायचं, एवढं कारण पुरे होतं. तिसापर्यंतचे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. आजोबा मांडीवर ताल धरायचे. एखादा भाऊ पेंगला की त्याची ओळ गळायची आणि सगळ्यांचाच ठेका मोडायचा, त्यामुळे चूक कोणाची ते न बघताही कळायचं. २०१९ च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस एक'वरून गदारोळ झाला तेव्हा मला आधी आठवला तो हा ताल. एकवीस म्हणताना तोंडातून एक निघतो आणि लिहिताना हात दोन आधी लिहितो, लहान पोर त्यात अडखळतं, हे पहिली-दुसरी शिकवलेल्या कुठल्याही बाईला ठाऊक आहे. त्यामुळे पुस्तकाची बाजू मला पटत होती. पण 'त्र्याहत्तर' या शब्दाला जी ठसठशीत उडी आहे ती 'सत्तर तीन'ला नाही, हेही खरं. दोन्ही पटत असल्यामुळे त्या वादात मी गप्प बसले.

परवच्याची आठवण काढून गळा काढणाऱ्यांत मी नाही, हेही इथेच सांगून टाकते. आजोबांच्या मांडीवरचा ताल चुकला की तोच हात पाठीवर यायचा. आणि औटकी घडाघडा म्हणणारी मी, सातवीत अपूर्णांकांच्या भागाकाराला अडले ती अडलेच. साडेतीनचा पाढा येत होता आणि साडेतीन म्हणजे काय ते येत नव्हतं. गाणं गणिताला सोबत करतं. कधी कधी ते गणितावर पांघरूणही घालतं.

हे साडेतीन पुढे माझ्या वर्गात परत आलं. मिश्र अपूर्णांक शिकवत होते. फळ्यावर ३ लिहून शेजारी १/२ लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून म्हणवून घेतलं, "तीन पूर्णांक एक छेद दोन." पोरांनी मंत्र म्हणावा तसं म्हटलं. सहज विचारलं, "याला घरी काय म्हणतात?" शांतता. हाच आकडा त्यांच्या घरात उठता-बसता असतो. साडेतीन मुहूर्त, देवीची साडेतीन पीठं, म्हातारी माणसं म्हणतात तो साडेतीन हातांचा देह. पण तो 'साडेतीन' घरचा आणि हा 'तीन पूर्णांक एक छेद दोन' शाळेचा, दोघांची ओळखच नव्हती. त्या दिवशी मी ओवी म्हटली. आईच्या तोंडून जात्यावर ऐकलेली, साधीच. ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात, तीन चरण लांबीला जवळजवळ सारखे आणि चौथा आखूड. पोरांनी टाळ्या वाजवून मोजलं आणि चौथा चरण अर्ध्यात तुटतो तिथे सगळ्यांचे हात हवेत राहिले. तो हवेत राहिलेला हात म्हणजे अर्धा. एका पोराने तर विचारलं, "बाई, उरल्याला अर्धा कुठं गेला?" मला उत्तर आलं नाही. आता वाटतं, जात्याच्या घरघरीत गेला असावा. बाई तेवढ्यात दम घेत असेल, किंवा पुढची मूठ टाकत असेल.

असे तास वर्षातून दोन-चार. ठरवून आलेले नव्हेत.

लेझमीचाही असाच. स्नेहसंमेलनाची तयारी चालली होती, हलगी वाजवायला सातवीतला एक धनगराचा पोरगा होता. हात असा की काठ्या दिसायच्या नाहीत, नुसता कडकडाट. मी दोन गट केले होते. एक गट दर चार ठोक्यांना खाली वाकायचा, दुसरा दर सहाला. गोंधळ होईल असं वाटलं होतं, झालाही. पण मग त्याच पोराने हलगी थांबवून सांगितलं, "बाई, बाराला दोन्ही बी एकदमच वाकत्यात." सोमवारी गणिताच्या तासाला सामाईक विभाज्य होते. मी पोरांना बाकांवरून उठवलं, लेझीम नव्हती म्हणून कंपासपेट्या वाजवल्या, आणि चार नि सहा बाराला भेटले, सहा नि आठ चोवीसाला भेटले. मग कुणीतरी म्हणालं पाच नि सात बघू, आणि पस्तिसाव्या ठोक्यापर्यंत पाय दुखून आले. "ह्ये लईच लांब र्‍हात्यात एकमेकांपासनं," असं एकीने म्हटलेलं मला आठवतं. परीक्षेत लघुत्तम सामाईक विभाज्य म्हणजे काय या प्रश्नाला दोघांनी 'लेझीम' असं उत्तर लिहिलं. मी अर्धा गुण दिला. पूर्ण द्यायला हवा होता की शून्य, हे अजून ठरलेलं नाही.

पुढच्या वर्षी मी तोच तास पुन्हा घ्यायचं ठरवलं, आणि तो पडला. हलगीवाला पोरगा हायस्कूलला गेला होता. संमेलन लांब होतं. पोरांना कळत होतं की बाईंना आपल्याकडून 'बारा' हवंय, त्यांनी चौथ्या मिनिटाला 'बारा' दिलं आणि खाली बसली. लेझीम ती लेझीम राहिली नाही, कवायत झाली. युक्ती एकदा जमली म्हणून ती पद्धत होत नाही. याच्याही पुढचा एक दिवस आठवतो. पहिलाच वळीव झाला होता, मातीचा वास खिडकीतून आत आलेला, मी म्हटलं आज वह्या बंद, पावसाचं चित्र काढा. तिसरीतलं एक पोर जीव ओतून काढत होतं. निळा खडू संपला तर जांभळ्या खडूने पाऊस पाडला त्याने. मी शेजारी उभी राहिले आणि जीभ वळवळली, "वा! किती थेंब काढलेस? मोज बघू." त्याचा चेहरा असा उतरला की काय सांगू. पाऊस पडत होता आणि मी त्याच्याकडे पावती मागितली. कलेला गणिताच्या शेतात रोजंदारीवर लावायचं, हीसुद्धा एक वाईट खोड आहे, आणि उत्साही शिक्षकांना ती लवकर लागते.

यातलं काही नवीन आहे असा माझा दावा नाही. वडील पन्नासच्या दशकात मूलोद्योगाच्या शाळेत शिकले. आमच्या भागात अजूनही कित्येक शाळांच्या कमानीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' अशी अक्षरं आहेत, त्या घराण्यातली शाळा. १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली, झाकिर हुसेन समिती बसली आणि हाताच्या कामातून सगळे विषय शिकवायची नई तालीम आली. विषय एकमेकांत गुंफण्याला त्या लोकांनी 'समवाय' असा देखणा शब्द वापरला होता. वडिलांच्या वाट्याला त्यातली टकळी, म्हणजे सूत कातायची चाती, आली. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी, हे ते म्हातारपणीही घोकून दाखवायचे. रोज प्रत्येकाने किती तार कातले ते लिहायचं, वर्गाचे मिळून किती, गुंडीला किती कमी पडले, सरासरी किती. "सूत तुटायचं सारखं," ते हसून सांगायचे, "पण हिशेब कधी तुटला नाही. सूत नसलं तरी गुरुजी हिशेब लिहायचेच." हे वाक्य मला विनोदी वाटायचं. नोकरीला लागल्यावर कळलं की यात आमच्या खात्याचा सगळा इतिहास आहे.

डी.एड.च्या सहलीत आम्हाला कोसबाडच्या टेकडीवर नेलं होतं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत होत्या, पुढे ते कोसबाडला गेलं, हे पेपरात येतं म्हणून पाठच होतं. प्रत्यक्षात लक्षात राहिली ती साधनं. मॉन्टेसोरीची महागडी पेटी परवडत नाही म्हणून पानं, बिया, शिंपले, दगड. जे वारली पोरांच्या पायाखाली रोज होतं तेच उचलून मोजायला, जुळवायला, रचायला दिलेलं. पोरं गुरांमागे जातात म्हणून शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. परतीच्या एस.टी.त आम्ही सगळ्या भारावलेल्या होतो. आपणही असंच करायचं म्हणून शपथा घेतल्या. मग नेमणुका झाल्या आणि जो तो आपापल्या तक्त्यांना लागला.

तक्त्यांत रंग आले ते नंतर. साताऱ्याच्याच कुमठे बीटातल्या, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या हाताखालच्या, शाळांचा बोलबाला झाला. तिथली पोरं फरशीवर आखलेल्या चौकोनांत, वर्तुळांत बसून मणी, खडे, काड्या मांडत गणित करायची. तिथे गेलेले लोक पोरांचा आत्मविश्वास बघून थक्क होऊन परत यायचे. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि गावोगावच्या फरश्या रंगायला लागल्या. आमचीही रंगली. ग्रामपंचायतीने पेंटर दिला. देवळाच्या कमानी आणि ट्रकच्या मागची पाटी रंगवणारा हातखंडा माणूस. त्याने तीन दिवसांत सगळा वर्ग ऑइलपेंटने भरून टाकला. आकडे, फुलं, साप, शिडी, मुळाक्षरांचं झाड. इतकं सुंदर झालं की पोरांना त्यावर चपला घालून जायची बंदी झाली, मग पाणी सांडायची, मग खडूने लिहायची. जी फरशी पोरांनी रेघा माराव्यात म्हणून होती तीच जपून ठेवण्याची वस्तू झाली. दोष मी पेंटरला देत नाही. त्याने त्याची कला चोख केली.

निवृत्त व्हायच्या वर्ष-दीड वर्ष आधी, लॉकडाऊनमध्ये, आमचं प्रशिक्षणही मोबाइलवर आलं. दीक्षा ॲपवर 'निष्ठा' या सरकारी शिक्षक-प्रशिक्षणाची मॉड्यूल्स पुरी करायची, त्यातलं एक कला एकात्मिक अध्ययनाचं, म्हणजे कलेतून बाकीचे विषय शिकवण्याचं. नव्या शैक्षणिक धोरणातही ते आहेच. मी ते शेंगदाणे निवडत पाहिलं. मजकूर चांगला होता, वाईट बोलणार नाही. त्यात म्हटलेलं मी व्हरांड्यात पाहिलं होतं आणि दप्तरात कोंबायला लावलं होतं. शेवटची चाचणी दिली, प्रमाणपत्र आलं, स्क्रीनशॉट केंद्राच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठे.

मागच्या वर्षी पुण्याला भाचीकडे गेले होते. तिची मुलगी केंद्रीय बोर्डाच्या शाळेत सातवीला. रात्री दहाला घरात धावपळ, सकाळी 'आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट' द्यायचा होता. राज्याराज्यांच्या जोड्या लावणाऱ्या 'एक भारत श्रेष्ठ भारत' या सरकारी उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, म्हणून गणितातलं वर्तुळ ओडिशाच्या कलेतून दाखवायचं. भाची ऑफिसातून येताना कोणार्कच्या चाकाची रंगीत प्रिंट घेऊन आली होती, मुलगी चकचकीत बॉर्डर चिकटवत होती, जावईबापू यूट्यूब बघून पट्टचित्राचे कोपरे रंगवत होते. फेविकॉलचा वास सगळ्या घरात. मी चष्मा लावून चाकाकडे बघत बसले. आठ जाड आरे, त्यांच्यामध्ये आठ बारीक. सोळा. मी पोरीला म्हटलं, "एक गोल कागद दे." अर्ध्यात घडी, पुन्हा अर्ध्यात, पुन्हा, पुन्हा. चार घड्या. उलगडला तर सोळा आरे. "आता दोन आऱ्यांमधला कोन किती सांग. तीनशेसाठचे निम्मे करत ये." ती पुटपुटली, एकशेऐंशी, नव्वद, पंचेचाळीस, आणि थांबली. "साडेबावीस!" मग कागद स्वतः हातात घेऊन पुन्हा मिटला, उलगडला, मिटला. तिच्या चेहऱ्यावर ते आलं जे मी ओळखते. मी म्हटलं, "हा कागदच लाव की प्रोजेक्टमध्ये." तिने प्रिंटकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आजी, तो चुरगळलाय ना. आणि हे रुब्रिकमध्ये नाहीये. नीटनेटकेपणाला मार्क आहेत."

नीटनेटकेपणा. मला तो मोर आठवला.

तिला रागावण्याचा मला काय अधिकार? गुण कुठे आहेत हे पोरांना फार लवकर कळतं, आणि गुण आम्ही ठेवतो तिथेच असतात. घडी घातलेला कागद दुसऱ्या दिवशी सकाळी केर काढताना सोफ्याखाली सापडला. तो मी पर्समध्ये घालून घरी आणला.

घरी आता वेळच वेळ आहे. सकाळी सडा घालून दारात रोज रांगोळी काढते. कागद नाही वापरत, ठिपके हातानेच. पुण्याहून आल्यावर काही दिवसांनी काय वाटलं कोण जाणे, एका ठिपक्यापासून सुरुवात केली. एक. मग तीन ते दोन, सात ठिपके. पाच ते तीन, एकोणीस. सात ते चार, सदतीस. नऊ ते पाच, एकसष्ट. सगळ्या रांगोळ्या एकाशेजारी एक काढल्या, अंगण भरलं. आणि गुडघे दुखतात म्हणून पायरीवर बसले तर मन आपोआप बेरीज करायला लागलं, पुढे पुढे. एक आणि सात, आठ. त्यात एकोणीस, सत्तावीस. त्यात सदतीस, चौसष्ट. मी उठून उभीच राहिले. त्यात एकसष्ट, सव्वाशे. एक, आठ, सत्तावीस, चौसष्ट, एकशे पंचवीस. हे तर घन! दोनाचा, तिनाचा, चाराचा, पाचाचा. सहाच्या कडेने वाढत जाणाऱ्या सपाट रांगोळ्या एकावर एक चढवल्या तर चौकोनी ठोकळा कसा होतो? बराच वेळ समजेना. मग फडताळातून साखरेच्या चौकोनी वड्या काढल्या, रचल्या, आणि ठोकळा एका कोपऱ्यावर तिरका धरून समोरून पाहिला. दिसल्या त्या तीन बाजू, आणि बाहेरची कड सहा कोनांची. पाचच्या ठोकळ्यातून त्या तीन बाजूंची साल काढली की आत चारचा ठोकळा, आणि सालीत वड्या बरोबर एकसष्ट. मोजल्या मी. साठ वर्षांची बाई ओट्याशी उभी राहून साखरेच्या वड्या मोजत होती, मुंग्या यायला लागल्या होत्या, आणि हे दाखवायला घरात कुणी नव्हतं.

म्हणजे, एक जण होतं. ती आता बावीस-तेवीसची असेल. दहावीनंतर तिचं काय झालं ते मला तिसऱ्याकडूनच कळलं होतं, लग्न झालं, फलटणकडे कुठेतरी असते. नंबर मिळवता आला असता. फोन करून काय सांगायचं? "अगं, तू त्या दिवशी वेढे मोजलेस ना, ते घनाच्या साली होत्या"? तिला तो शनिवार आठवतसुद्धा नसेल. आठवत असेल तर जास्त वाईट.

दुपारी माळ्यावरून जुनी पेटी उतरवली. त्यात माझ्या नोंदवह्या आहेत. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आल्यापासून प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयातल्या वर्णनात्मक नोंदी लिहाव्या लागायच्या. आम्ही बहुतेक जणी तयार वाक्यांच्या यादीतून उतरवायचो, कोण कुठल्या वाक्यात बसतं ते बघून. ते वर्ष सापडलं, पाचवी सापडली, तिचा हजेरी क्रमांक सापडला. निळ्या पेनने, माझ्या त्या वेळच्या टपोऱ्या अक्षरात दोन ओळी आहेत, एकीखाली एक, एकाच तारखेच्या.

कला : ठिपक्यांची रांगोळी सुबक काढते.

गणित : संख्यांमधील संबंध ओळखता येत नाही.